राजवाडा घोळक्याने बघायचा नसतो

दिवाळीत सुरतचा कापडबाजार बंद झाला, की बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यातली मराठी वस्ती दोन वाटांनी पांगते. काही कुटुंबं ताप्ती लाइनची गाडी पकडून खानदेशात गावी जातात, काही इथेच राहून सहलीचे बेत करतात. बेत बहुधा ठरलेला असतो: माणशी वर्गणी, पन्नास सीटांची लक्झरी, पहाटे निघून पावागड, येताना बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा, आणि रात्री उशिरा घर. राजवाड्याच्या वाट्याला यात जेमतेम तास येतो. पन्नास जण एकदम आत शिरण्यापेक्षा बारा-पंधरा जणांचे गट करू, प्रत्येक गटाला समजावून सांगणारा एक माणूस घेऊ, असं कुणी सुचवलं तर उत्तरही ठरलेलं असतं. हे पैसेवाल्यांचे आणि फॉरेनरांचे चोचले आहेत. राजवाडा डोळ्यांनी बघायचा, त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? आणि माहिती हवीच असेल तर ती मोबाइलवर आहे, शिवाय तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळतंच. हे बोलणं व्यवहारी वाटतं, म्हणूनच त्याला कुणी हटकत नाही. मला ते चूक वाटतं, आणि सगळ्यात जास्त चूक ते कामगार वस्तीच्याच बाबतीत आहे.

‘डोळ्यांनी बघायचा’ या मुद्द्यापासून सुरुवात करू. देऊळ, बाजार, धरण या गोष्टी बघताना त्या कशासाठी आहेत हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. राजवाड्याचं तसं नाही. ही वास्तू बाहेरच्या माणसाला दिपवायला आणि आतला कारभार झाकायलाच बांधलेली असते. लक्ष्मी विलासचा दर्शनी भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिला, तर मध्येच त्याची शैली बदलताना दिसते. कुठे राजपूत महालांची छाया, कुठे मोगली घुमट, कुठे गुजराती कोरीवकाम. या थाटाला इंडो-सारासेनिक म्हणतात हे कुठल्याही फलकावर वाचता येतं. पण वास्तूचे मुळात तीन भाग आहेत, दरबार आणि पाहुण्यांचा, महाराजांच्या खासगी वापराचा आणि राणीवशाचा, आणि बाहेरची शैली बऱ्याच अंशी त्या विभागणीबरोबर बदलत जाते, हे कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसत नाही. दरबार हॉलमध्ये गेल्यावर नजर व्हेनिसच्या धाटणीच्या मोझेक फरशीवर आणि रंगीत काचांच्या खिडक्यांवर जाते. वरच्या बाजूला लाकडी कोरीव सज्जे आहेत, तिथे स्त्रिया बसायच्या. खालचा दरबार त्यांना दिसायचा, त्या मात्र दरबाराला दिसायच्या नाहीत. पन्नास जणांच्या घोळक्यात मान वर करून ‘काय ते काम!’ म्हणेपर्यंत मागचा माणूस पुढे ढकलतो. बांधणाऱ्याला राजवाडा जसा बघितला जायला हवा होता तसाच तो बघून आपण बाहेर पडतो, आश्चर्य वाटून घेऊन आणि काहीही न विचारता.

विचारायला तर पुष्कळ आहे. अगदी पहिला प्रश्न घ्या, राजवाडा बांधला कोणी? सगळे सांगतात, सयाजीराव महाराजांनी. बांधकाम सुरू झालं १८७८ च्या सुमारास, पुरं झालं १८९० मध्ये. सयाजीरावांचा जन्म १८६३ चा. म्हणजे पाया खणला गेला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या डिसेंबरअखेर मिळाले. मधली वर्षं कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता आणि त्यावर इंग्रज रेसिडेंटची नजर होती. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलं. कर्नल फेअर या रेसिडेंटवर विषप्रयोग करवल्याचा आरोप त्यांच्यावर होताच, शिवाय उधळपट्टी आणि गैरकारभाराचा ठपकाही होता. त्यानंतर काटकसर आणि शिस्त आणण्यासाठी जो कारभार बसवला, त्याच कारभारात एवढा मोठा राजवाडा उभा राहू लागतो, आणि तो आखायला नेमला जातो मेजर चार्ल्स मँट हा इंग्रज अधिकारी. का? साम्राज्याला कह्यात राहणारा, तरीही भपकेबाज राजा हवा होता म्हणून? की एकवीस तोफांच्या सलामीच्या संस्थानाला जुन्या शहरातला वाडा अपुरा पडत होता म्हणून? जाणकारांत याची एकापेक्षा जास्त उत्तरं निघतील, आणि ती निघावीत. मात्र ‘महाराजांनी बांधला’ या एका वाक्यावर समाधान मानलं, तर हा प्रश्नच पडत नाही.

आता मोबाइलकडे वळू, कारण हा आक्षेप आज सगळ्यांत जोरात केला जातो. लक्ष्मी विलासबद्दल मोबाइलवर काहीही शोधा, पहिल्या दोन ओळींत एक वाक्य सापडतं: हा राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे. अलीकडे त्याच्या सोबतीला आकडेही फिरतात. लक्ष्मी विलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. आकडा इतका नेमका दिसला की माणूस गप्प बसतो. पण कागद-पेन्सिल घेऊन भागाकार केला तर उत्तर चार येत नाही, जवळजवळ सदतीस येतं. म्हणजे ‘चौपट’ आणि हे दोन आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. आता दुसरा भागाकार करा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ३,०४,९२,००० ला ४३,५६० ने भागलं तर बरोबर ७०० येतात, बाकी शून्य. बडोद्याच्या राजवाड्याचं आवार कुणी पाचशे एकर सांगतं, कुणी सातशे. तेव्हा हा आकडा इमारतीचा नाहीच. बागा, मैदानं, रस्ते आणि झाडं यांच्यासकट सगळ्या जमिनीचे एकर कुणीतरी चौरस फुटांत मांडले, आणि ते लंडनच्या इमारतीच्या नुसत्या मजल्यांच्या क्षेत्रफळासमोर ठेवले. एकाचं शेत आणि दुसऱ्याचं घर मोजून कोण मोठा हे ठरवण्यातला हा प्रकार. लूमच्या खात्यात मीटरवर मजुरी मोजून घेणारा माणूस असा हिशेब मालकाकडून पाच मिनिटंही खपवून घेणार नाही. तोच माणूस सहलीत हे वाक्य वाचतो आणि पुढच्या ग्रुपवर पाठवतो. मोबाइलवर माहिती आहे हे खरंच. पण तिला ‘हे कसं काय?’ असं विचारायची सोय तिथे नाही, आणि विचारलं तरी तेच वाक्य दहा ठिकाणांहून परत येतं.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न असा की गाइड तरी कुठे खरं बोलतात? तेही थापा मारतात. मारतात, नाकारण्यात अर्थ नाही. मँटसाहेबाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक गाइडच्या तोंडी असते: आपलं गणित चुकलं, इमारत कोसळणार, या भीतीने त्याने म्हणे जीव दिला. मँट १८८१ मध्ये गेला आणि उरलेलं काम मद्रासच्या रॉबर्ट फेलोज चिजमने पुरं केलं, एवढं पक्कं आहे. बाकीचा भाग ऐकायला रंगतो आणि त्यानंतर ‘पण इमारत आजही ठणठणीत उभी आहे’ हे वाक्य टाळी घेतं. आता हीच गोष्ट पन्नास जणांच्या घोळक्याला सांगितली तर मागच्या तीस जणांना ती अर्धीच ऐकू येते आणि पुढचे वीस जण माना डोलावतात. बारा जणांत मात्र एखादी बाई विचारते, “हे त्याने लिहून ठेवलं होतं का?” कोल्हापूरकडे सोयरीक असलेला कुणीतरी म्हणतो, कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटचा ना, मग त्याची नाही का भीती वाटली? गाइडला आता एक तर पुरावा द्यावा लागतो, नाहीतर ‘असं म्हणतात’ एवढं कबूल करावं लागतं. खोटं बोलण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच असते. छोट्या गटात खोटं पकडलं जाण्याची शक्यता जास्त, इतकाच फरक, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. गाइड थापा मारतात म्हणून गाइडच नको म्हणणारे लोक, फलक लिहिणारे आणि यंत्रात आवाज भरणारे थापा मारत नाहीत असं गृहीत धरतात; त्याला आधार काय?

कानाच्या यंत्राबद्दल मला फारशी तक्रार नाही. एकट्यादुकट्या प्रवाशाला ते उपयोगी आहे, आवाज स्वच्छ असतो, कुणाची घाई नसते. पण पाच जणांचं कुटुंब पाच यंत्रं लावून फिरतं तेव्हा पाच जण पाच ठिकाणी असतात. नातू शस्त्रांपाशी, आजी अजून जिन्यापाशी. आजीला अहिराणीत एक साधी शंका आहे, एवढ्या मोठ्या घराला पाणी कुठून यायचं आणि ते वर कोण चढवायचं. यंत्राच्या यादीत ही शंका नाही. माणूस असता तर या एका शंकेवरून गोष्ट अजवा तलावापर्यंत गेली असती. त्याच काळात त्या तलावाचं पाणी नळाने बडोद्याला आणलं गेलं आणि शहराच्या रोजच्या जगण्यात त्याने जो फरक पडला तो राजवाड्याने पडला नसेल.

पैशाचा आक्षेप खरा आहे, त्याची टर उडवू नये. महिन्याच्या पगारातून चार माणसांची वर्गणी काढणं सोपं नसतं. पण ‘छोटा गट, सोबत माणूस’ ही पद्धत मुळातच महाग आहे हे खरं नाही. दिल्लीचं राष्ट्रपती भवन घ्या. व्हाइसरॉयसाठी बांधलेला, ३४० खोल्यांचा, साम्राज्याचा या देशातला सगळ्यांत मोठा महाल. तिथे सामान्य माणसाला आधी वेळ ठरवून, मोजक्या जणांच्या तुकडीत, माहिती सांगणाऱ्या माणसाबरोबर फिरवतात, आणि नोंदणीचे घेतात पन्नास रुपये. लंडनमध्ये बकिंगहॅमचा पूर्वेकडचा भाग २०२४ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा लोकांना खुला झाला, तोही छोट्या गटांत गाइडबरोबर. त्याचं तिकीट होतं ७५ पौंड. पद्धत एकच, पण दामात जमीन-अस्मानाचं अंतर. म्हणजे दाम ठरतो तो दार कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याला कोण आत यायला हवंय यावर. बडोद्यात राजवाडा राजघराण्याच्या ताब्यात आहे, ते कुटुंब तिथे राहतं, आणि त्यांनी किती भाग दाखवायचा हा त्यांचा हक्क आहे. पण दाखवलेल्या भागात कामगार वस्तीतल्या शाळांना आणि मंडळांना मराठी-गुजरातीतून, पंधरा-पंधराच्या गटांनी, परवडेल अशा दरात हिंडवणारी माणसं ठेवावीत, ही मागणी गैर नाही. ती अजून कुणी रेटून केलेली नाही, कारण आपणच तिला चोचले म्हणून मोकळे होतो.

‘त्या राजवाड्याशी आमचा काय संबंध?’ हा सूर मात्र मला सगळ्यांत खुपतो. सुरत शहर इंग्रजांचं होतं हे खरं, पण वेशीबाहेर थोडं गेलं की गायकवाडी सुरू व्हायची. कामरेज, पलसाणा हे बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतातले तालुके. आज तिथे गिरण्या आणि लूम आहेत, बमरोलीतले कितीतरी जण तिकडे पाळीला जातात. त्याच जमिनीचा सारा बडोद्याच्या खजिन्यात जमा होत होता आणि त्या खजिन्यातून राजवाडा उभा राहिला. गावी जाताना ताप्ती लाइनवर सोनगड लागतं. पिलाजीराव गायकवाडांचं मूळ ठाणं तेच, बडोदा त्यानंतरचं. आणि ज्यांच्या नावाने राजवाडा ओळखला जातो ते सयाजीराव जन्मले मालेगावजवळच्या कवळाण्यात, शेतकऱ्याच्या घरी, गोपाळराव म्हणून. बाराव्या वर्षी दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. बमरोलीत राहणारी माणसं ज्या धुळे-मालेगाव-जळगाव पट्ट्यातून आली, त्याच पट्ट्यातला हा मुलगा. याच माणसाने पुढे १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. राजवाडा पुरा झाला त्याच १८९० साली बडोद्यात कलाभवन निघालं. ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर सुरतचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक; तिथे इतर विद्यांबरोबर कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवत. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला बडोद्याशी आपला संबंध नाही असं वाटत असेल, तर त्याला कुणी सांगितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

चित्रांचंही तेच. राजवाड्याच्या दरबारासाठी म्हणून १८८८ मध्ये राजा रविवर्म्याला पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली गेली. ती पुरी झाल्यावर बडोद्यात आणि मुंबईत लोकांसाठी मांडली, तेव्हा बघायला गर्दी लोटली. चित्रांच्या प्रती छापल्या तर त्या घरोघर जातील हे दिवाण माधवरावांनी रविवर्म्याला काही वर्षं आधीच सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि देवादिकांच्या चित्रांना दहा बाय दहाच्या खोलीची भिंत मिळाली. आज बमरोलीच्या खोल्यांत कॅलेंडरवर जी लक्ष्मी आणि सरस्वती दिसते, तिचा वंश बडोद्याच्या संग्रहातल्या कॅनव्हासपर्यंत जातो. दरबारासाठीची चित्रं आता आवारातल्याच फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. घोळक्याने जाणारी सहल हे संग्रहालय बहुधा वगळते, वेळ नसतो म्हणून. वेगळं तिकीट काढून जे आत जातात ते ‘कॅलेंडरवर आहे तसंच’ म्हणून पुढे सरकतात. कोण कुणासारखं आहे, हे उलटं करून सांगायला एक माणूस लागतो. आणि रविवर्म्याच्या देवी नऊवारीसारख्या नेसणीत का दिसतात, हा प्रश्न साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांइतका दुसऱ्या कुणाला सुचायचा?

शेवटचा आक्षेप अभिमानाचा आहे. परमुलखात राहतो, इथे आम्हाला मजूर म्हणून ओळखतात, बडोद्याला गेलं की कळतं इथे मराठ्यांचं राज्य होतं. तेवढा एक तास छाती फुगू द्या, त्यात चिकित्सा कशाला? मला या भावनेची कदर आहे. पण चुकीच्या चौरस फुटांवर आणि ‘चौपट’वर उभा असलेला अभिमान पहिल्याच जाणत्या माणसापुढे उघडा पडतो. खरं सांगण्यासारखं इतकं असताना त्याची गरजही नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे सयाजीराव कसे वागले, त्यावरून केवढा गहजब झाला, ही एकच गोष्ट नीट सांगितली तरी एकरांचे आकडे फिके पडतील. आणि याच अभिमानाच्या गोष्टीत भीमराव आंबेडकरही आहेत. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्यात परतले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले आणि ओळख कळल्यावर लोकांनी लाठ्या घेऊन तिथून काढलं. ज्या राज्याने परदेशी धाडलं त्या राज्याच्या राजधानीत ही गत. लक्ष्मी विलासच्या भिंतींच्या आत ही गोष्ट घडलेली नाही, म्हणून यंत्र ती सांगणार नाही, असं समजू. पण बमरोलीहून गेलेल्या गटात कुणी ना कुणी ती विचारणारच, आणि विचारल्यावर उत्तर द्यायला तोंड असलेला माणूस तिथे हवा. सहलीच्या दिवशी असले विषय कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसऱ्या गटात जावं. चार गट असण्याचा हाही फायदा आहे.

राहता राहिला प्रश्न असा माणूस आणायचा कुठून. बडोद्यात पिढ्यानपिढ्यांची मराठी घरं आहेत, सयाजीराव विद्यापीठ आहे, तिथे कला शिकणारी मुलं आहेत. तेही जमलं नाही तर सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतले शिक्षक आहेत. चार संध्याकाळी वाचन करून तयार झालेला शिक्षक पाठ केलेलं बोलणाऱ्या गाइडपेक्षा कधीही बरा. आत मोठ्याने बोलायला मनाई असेल तर अर्धं सांगणं भरूच-बडोदा रस्त्यावर लक्झरीतच उरकता येतं. दारात पन्नास जणांचे चार गट करायचे, वीस-वीस मिनिटांच्या अंतराने आत सोडायचे, थांबलेल्यांनी तोवर संग्रहालय बघायचं. त्यात दिवस जाईल आणि पावागड त्या खेपेला रद्द करावा लागेल. त्यावरून मंडळात वाजणार. तो वाद वर्गणी गोळा करतानाच मिटवून घ्यावा, गाडीत बसल्यावर नाही.